पणजोबांची पदकं, काळे घोडे आणि देवघरातलं पितळ: लिलावाला देण्याआधी काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या जुन्या घराची वाटणी चालू आहे. लोखंडी ट्रंकेत पणजोबांची पहिल्या महायुद्धाची तीन पदकं, आजोबांची दुसऱ्या महायुद्धाची चार आणि ताटलीएवढी एक जाड ब्राँझची चकती सापडली. शिवाय माडीवरची काळपट घोड्यांची जोडी, एक लामणदिवा आणि देवघरातल्या काही मूर्ती व टाक आहेत. पॉलिश करून घ्यावं का, खरं-खोटं कसं ओळखावं, मुंबईतल्या लिलावाला दिलं तर हातात किती पडेल आणि लंडनच्या चुलतभावाकडून तिकडे विकता येईल का, हे चार प्रश्न विचारले आहेत.

पॉलिशचं उत्तर सगळ्यात आधी, कारण तेवढंच काम आज रात्रीही होऊ शकतं आणि ते परत फिरवता येत नाही. काहीही घासू नका. चिंच नको, राख नको, पितांबरी नको, ब्रासो तर नकोच. या वस्तूंची किंमत दर्शनी बाजूपेक्षा कडेवर, पाठीवर आणि तळाशी असते. पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असतं, पुतळ्याच्या तळाशी ओतकामाच्या खुणा असतात, मूर्तीच्या खाचांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू बसलेलं असतं. घासल्यावर सगळ्यात आधी हेच जातं. तपासणाऱ्याला वस्तू जशी निघाली तशी हवी असते, मळकट असली तरी. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका आणि थांबा.

आता पदकं. पहिल्या महायुद्धाची तीन म्हणजे बहुतेक १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. स्टार ब्राँझचा असतो, पाठ सपाट असते आणि तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटर व्यासाचं आणि बहुधा चांदीचं, पाठीवर घोड्यावरचा उघडा वीर. व्हिक्टरी मेडल ब्राँझचं, त्यावर पंखवाली विजयदेवता, फीत इंद्रधनुष्यी. या दोन गोल पदकांवर नाव कडेवर असतं. स्टार आहे याचा अर्थ पणजोबा ३१ डिसेंबर १९१५ च्या आत रणभूमीवर पोचले होते. सातारा-रत्नागिरीकडच्या माणसाच्या बाबतीत ती रणभूमी बहुतेक वेळा मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक.

कडेवरची पलटण नीट वाचा, कारण भाव तिथे ठरतो. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कूत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. यांपैकी एखादा आकडा कडेवर असेल आणि माणूस वेढ्यात होता किंवा तुर्कांच्या कैदेत होता हे कागदाने दाखवता आलं, तर त्याच तीन पदकांची किंमत सरळ वेगळ्या पायरीवर जाते. १९२२ च्या फेररचनेत १०३ ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी आणि ११७ पाचवी. त्यामुळे पणजोबांच्या पदकावर ११० आणि आजोबांच्या पदकावर ३/५ (पाचव्या मराठाची तिसरी बटालियन) असं काही दिसलं तर गोंधळू नका, पलटण एकच आहे. दोन पिढ्या एकाच पलटणीत असणं ही संग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे.

ब्रिटिश वॉर मेडल तांबूस निघालं तर ते बनावट समजून बाजूला टाकू नका. लेबर कोअर, पोर्टर कोअर अशा मजुरी-हमालीच्या तुकड्यांतल्या लोकांना तेच पदक चांदीऐवजी ब्राँझमध्ये दिलं गेलं. चांदीची सुमारे ६५ लाख निघाली, ब्राँझची लाखाच्या आसपास. धातू स्वस्त असूनही ब्राँझचं पदक चांदीच्यापेक्षा महाग जातं. उलट चांदीची असंख्य पदकं १९८० च्या सुमारास चांदीचे भाव कडाडले तेव्हा मुशीत गेली. म्हणून अनेक घरांत स्टार आणि व्हिक्टरी आहे, मधलं चांदीचं गायब आहे, असं दिसतं. तुमच्याकडे तिन्ही आहेत, ती एकत्रच ठेवा. भावाभावांत एकेक पदक वाटून घेणं हा या वस्तूंचा सगळ्यात मोठा घात आहे. एका माणसाची तीन पदकं तीन घरांत गेली की पुन्हा एकत्र येत नाहीत आणि सुट्या पदकांची बेरीज संचाच्या किमतीच्या जवळपासही पोचत नाही.

नाव खरं आहे की मागाहून टाकलेलं, हे पाहायला डिजिटल व्हर्निअर कॅलिपर घ्या, साध्या कामाला पाचशे-हजाराचाही पुरतो. वर अडकवण्याचा दांडा असल्यामुळे उभा व्यास मापता येत नाही, म्हणून आडवा मापा, मग तीन-चार तिरक्या रेषांत मापा. जबड्यांना पातळ कागद लावा. सगळीकडे जवळपास ३६ मिलिमीटर यायला हवेत. एखाद्या रेषेत पाव-अर्धा मिलिमीटर कमी भरला आणि तिथली कड धारदार लागली, तर जुनं नाव घासून नवं कोरलेलं असण्याची शक्यता दाट. पदक ओतून केलेली नक्कल असेल तर व्यास सगळीकडेच कमी येतो. ओतलेला धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, म्हणजे ३६ चे साधारण साडेपस्तीस होतात. अशा नकलेच्या पृष्ठभागावर भिंगातून सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात आणि कडेवर कानशीचे ओरखडे. अस्सल पदक ठशाखाली दाबलेलं असतं, त्याची अक्षरं काठाशी तीक्ष्ण असतात.

नाव वाचताना टॉर्च वरून धरू नका. पदक काळ्या कापडावर ठेवा, प्रकाश जवळजवळ जमिनीला समांतर, दहा-पंधरा अंशांतून टाका. पुसट अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. कड फिरवत सहा-आठ फोटो घ्या, प्रत्येकात मागच्या फोटोतली दोन अक्षरं यायला हवीत. मराठी नावांचं इंग्रजी त्या काळी कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलं आहे. एकच आडनाव चार प्रकारे सापडतं, आणि पुष्कळदा आडनाव नसतंच, फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. म्हणून शोधताना नावापेक्षा नंबर आणि पलटण धरून शोधा.

एक खूण आवर्जून पाहा. तीन पदकं वर्षानुवर्षं एकत्र छातीवर लटकली की स्टारची टोकं शेजारच्या चांदीच्या पदकावर आदळत राहतात. राजाच्या चेहऱ्याच्या बाजूला काठाजवळ बारीक टोचे पडलेले दिसतात. विकणाऱ्याला हा डाग वाटतो. तपासणाऱ्यासाठी तो ही पदकं मुळापासून एकत्र असल्याचा पुरावा असतो. असलेच टोचे एखादा सराफ ‘बफ मारून’ काढून देतो, ते होऊ देऊ नका.

दुसऱ्या महायुद्धाची चार म्हणजे १९३९-४५ स्टार, एखादा आघाडीचा स्टार (आफ्रिका, इटली किंवा बर्मा), वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल असा संच असावा. यांतली गोल पदकं चांदीची नाहीत, तांबं-निकेलच्या मिश्रणाची आहेत. सराफाला कसोटीवर घासून पाहू देऊ नका, कड खराब होते आणि उत्तर तर आधीच माहीत आहे. लोहचुंबकानेही काही ठरत नाही. चांदी, ब्राँझ, तांबं-निकेल आणि जस्त, चारांपैकी एकही चिकटत नाही, आत लोखंड असेल तरच कळतं. ब्रिटिश सैनिकांना ही पदकं बिननावाची मिळाली, पण भारतीय सैन्याच्या पदकांवर नाव टाकलेलं असे. त्यामुळे आजोबांच्या पदकांवर नाव नसेल तर ती हरवल्यावर बाजारातून आणलेली असू शकतात, किंवा कधीतरी अदलाबदल झाली असेल.

इंडिया सर्व्हिस आणि वॉर मेडल अशी साधी जोडी काही हजार रुपयांची वस्तू आहे, याहून मोठी आशा कोणी लावत असेल तर सावध राहा. चित्र बदलतं ते शौर्यपदकाने. रुपेरी पदकाच्या पाठीवर पानांच्या माळेत ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’ असं लिहिलेलं असेल तर ते इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, १९०७ साली सुरू झालेलं. ते असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच्या कामगिरीची नोंद शोधायला लागा. ट्रंकेतले कागद म्हणूनच महत्त्वाचे: डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शन बुक, जंगी इनामाची सनद, पदक आलं तो पुठ्ठ्याचा डबा, त्यावरचा पत्ता, गणवेशातला फोटो. वाळवी लागलेला तुकडाही टाकू नका. फाटकी फीतसुद्धा तशीच राहू द्या. ती जुनी आहे की मागाहून बदलली हे अतिनील टॉर्चखाली बऱ्यापैकी कळतं, कारण हल्लीच्या धाग्यांतले चकाकी आणणारे पदार्थ निळसर उजळतात आणि जुनी फीत काळोखीच राहते.

नोंदींसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतला इंडिया ऑफिसचा दफ्तरखाना आणि क्यू इथलं नॅशनल आर्काइव्ह्ज ही दोन मुख्य ठिकाणं. चुलतभावाचा खरा उपयोग तिथे आहे. इथे बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पेन्शनसंबंधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. युद्धात मरण पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते, मेसोपोटेमियात मरण पावलेले बहुधा बसरा स्मारकाखाली सापडतात.

ती सूची लागणार आहे, कारण तुमच्या ट्रंकेतली ‘ताटलीएवढी चकती’ ही बहुधा मृत सैनिकाच्या घरी पाठवलेली स्मारक-चकती आहे. व्यास मापा. १२० मिलिमीटरच्या आसपास आला, वर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) हातात माळ घेऊन उभी, शेजारी सिंह, दोन डॉल्फिन आणि काठाने ‘ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर’ अशी अक्षरं असली, तर तीच. शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन. मोठ्या सिंहाच्या पुढच्या पंजाच्या वर त्याची आद्याक्षरं बारीक उठवलेली असतात, ओतीव नकलेत ती हमखास बुजतात. पाठीवर कधी वूलिच कारखान्याची डब्ल्यू आणि ए जोडलेली खूण असते, कधी नसते. नसली म्हणून चकती खोटी ठरत नाही, सुरुवातीला अ‍ॅक्टनच्या कारखान्यात झालेल्या चकत्यांवर ती नाहीच. अशा सुमारे साडेतेरा लाख चकत्या निघाल्या. चौकटीतलं नाव उठावदार, चकतीबरोबरच ओतलेलं असलं पाहिजे. खोलगट कोरलेलं नाव म्हणजे मूळ नाव घासून टाकलेलं. हुद्दा तिच्यावर नसतो, मुद्दाम ठेवला नव्हता, मरणात सगळे सारखे म्हणून.

पणजोबा युद्धातून परत आले असतील तर चकतीवरचं नाव त्यांचं नाही. ते त्यांच्या भावाचं किंवा चुलत्याचं असेल, आणि त्या माणसाची पदकंही घरात कुठेतरी असायला हवीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या गावांत महायुद्धात किती जण गेले आणि किती परतले नाहीत याच्या संगमरवरी पाट्या आजही आहेत. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिचाही फोटो काढून ठेवा. पाटी, चकती, सूचीतली नोंद आणि पदकं एका रेषेत आली की तो संच पूर्ण होतो. माझं स्पष्ट मत असं की अशी चकती शक्यतो घराण्यातच राहावी किंवा पलटणीच्या संग्रहालयाला विचारून पाहावं. बाजारात तिला फार मोठा भाव नाही, आणि त्या घरासाठी ती त्या माणसाची शेवटची निशाणी आहे.

घोड्यांकडे वळू. उधळलेला घोडा आणि त्याला आवरणारा उघडा पुरुष, अशी समोरासमोरची जोडी असेल तर ते ‘मार्लीचे घोडे’. मूळ संगमरवरी जोडी गीयोम कुस्तूने १७४५ पर्यंत पूर्ण केली, ती आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात तिच्या छोट्या आवृत्त्या हजारोंनी निघाल्या आणि मुंबईच्या बंगल्यांपासून संस्थानिकांच्या वाड्यांपर्यंत पोचल्या. पायथ्याशी ‘कुस्तू’ अशी सही असते, ती मूळ शिल्पकाराची ओळख म्हणून घातलेली आहे, त्याने हात लावला होता असा तिचा अर्थ नाही. लिलावाच्या यादीत अशा वेळी ‘आफ्टर कुस्तू’ लिहितात. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या कामावरून कुणीतरी केलेलं, ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे त्याचं असावं असं आमचं मत, आणि नुसतं नाव म्हणजे त्याचंच अशी जबाबदारी घेतलेली. या तीन लिखाणांत किमतीचा फरक शेकडो पटींचा असतो.

पहिला निर्णय धातूचा. जोडी ब्राँझची आहे की जस्तावर ब्राँझचा रंग चढवलेली? या जस्ताला बाजारात स्पेल्टर म्हणतात आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या बहुतांश जोड्या त्याच असतात. बैठक उलटी करा, आतल्या न दिसणाऱ्या जागी सुईने दोन मिलिमीटरची रेघ ओढा. पिवळसर-गुलाबी चमक आली तर ब्राँझ किंवा पितळ, चंदेरी-करडी आली तर जस्त. नखाने टिचकी मारा: ब्राँझ थोडा वेळ वाजत राहतो, जस्त लगेच मुकं होतं. आत बोट फिरवा: जस्ताचा आतला भाग बर्फी गोठल्यासारखा गुळगुळीत लागतो, कारण साच्यात ओतून उरलेला रस लगेच उपडा करत. वाळूच्या साच्यातल्या ब्राँझचा आतला भाग खरबरीत असतो. ना थंड, ना जड, असं काही लागलं तर ती राळेत ब्राँझची पूड मिसळून केलेली अलीकडची वस्तू.

घोड्याचा पाय निखळला असेल तर तो वेल्डरकडे नेऊ नका. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं. गॅसची ज्योत लागली की डोळ्यांदेखत अख्खा पाय वाहून जातो, आणि त्यानंतर त्या वस्तूचं काही करता येत नाही. तुटलेला तुकडा कागदात गुंडाळून वस्तूबरोबर ठेवा.

ब्राँझ निघाली तर ओतशाळेची खूण शोधा. पायथ्याच्या मागच्या कडेला फेर्दिनां बार्बेदियेन किंवा स्यूस फ्रेर असं नाव असू शकतं. बार्बेदियेनच्या कामावर आशील कोला याच्या लघुकरण यंत्राचा (मोठ्या शिल्पाची छोटी प्रत काढणाऱ्या) छोटा गोल शिक्काही कधी दिसतो. प्राण्यांच्या पुतळ्यांवर बारी, मेन, मोअनिए अशा फ्रेंच शिल्पकारांच्या सह्या असतात, आणि याच नावांच्या नकला सगळ्यात जास्त आहेत. पुतळ्यावरूनच साचा काढून केलेली नक्कल पुन्हा त्या दीड-दोन टक्क्यांनी लहान भरते. आयाळीचे केस, लगामाची कडी, खुरांच्या रेषा तिच्यात मऊ, साबण वापरल्यासारख्या दिसतात. अस्सल कामात ओतल्यानंतर छिन्नीने या रेषा पुन्हा जिवंत केलेल्या असतात. तळाचे स्क्रूही पाहा. चार खाचांचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला शोध आहे, म्हणजे तो निदान बैठक तरी नंतर बसवलेली आहे असं सांगतो. व्हिएन्नात झालेले रंगवलेले छोटे ब्राँझ पुतळे (‘व्हिएन्ना ब्राँझ’) असतील तर सुरईच्या आकारात ‘बी’ ही तिथल्या बेर्गमन ओतशाळेची खूण, तिच्याही नकला भरपूर. नर्तकीच्या पुतळ्याचा चेहरा आणि हात पांढरे, जाळीदार रेषांचे असतील तर तो हस्तिदंत असू शकतो. तशी वस्तू वन्यजीव कायद्याचं पाहिल्याशिवाय कुणालाही विकायला दाखवू नका.

देवघरातल्या वस्तूंबद्दल सगळे ‘पंचधातू’ म्हणतात. बहुतेक पितळ असतं. भरीव, रंग नसलेल्या मूर्तीची घनता घरी काढता येते: हवेत वजन करा, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून करा, पहिलं वजन दोन्हींतल्या फरकाने भागा. रांगणारा बाळकृष्ण हवेत ४१२ ग्रॅम आणि पाण्यात ३६३ भरला तर फरक ४९, घनता ८.४, म्हणजे पितळ. कांसं ८.७-८.८ च्या आसपास येतं, जस्त ७.१. पण वजनकाटा एक ग्रॅमने चुकला तर याच मूर्तीची घनता ८.२ किंवा ८.६ दिसेल. त्यामुळे जस्त वेगळं काढायला ही रीत चांगली आहे, पितळ-कांसं ठरवायला दशांश ग्रॅमचा काटा लागतो. आत माती किंवा लाख भरलेल्या, पोकळ बंद वस्तूंवर हा प्रयोग करू नका. सराफाकडचं कॅरेट मोजायचं यंत्रही अंदाज देतं, मात्र त्यातलं जस्ताचं प्रमाण बघून वय ठरवू नका. जास्त जस्त म्हणजे अलीकडचं पितळ हा नियम युरोपातला आहे. आपल्याकडे राजस्थानात जावरला मध्ययुगातच जस्त गाळून काढत होते, त्यामुळे तो इथे चालत नाही.

वय कळतं ते झिजेवरून. रोज स्नान घातलेल्या मूर्तीचं नाक, गुडघे, पोट, हातातला लोण्याचा गोळा असे बोट लागणारे उंचवटे गुळगुळीत होतात, काखेत आणि पाठीमागे छिन्नीच्या रेषा शाबूत राहतात. खोटी झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती ब्रशने किंवा आम्लाने आणलेली असते. लामणदिव्याची साखळी कडी-कडी करून पाहा. जुनी कडी ठोकून वळवलेली, जाडीला कमी-जास्त असते. एकसारख्या तारेची, डाग दिलेली साखळी नंतरची. दिव्याचं भांडं, साखळी आणि वरचा हत्ती किंवा पक्षी यांच्या धातूचा रंग आतल्या बाजूला वेगवेगळा असेल तर तीन वस्तूंतून एक जुळवलेली आहे. समईच्या आट्याही हाताने पाडलेल्या असतात, एका समईचा भाग दुसरीवर बसत नाही. तुलनेसाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते निवांत पाहून या. टाक मात्र सराफाला वजनावर देऊ नका.

फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले तर ते वेगळं प्रकरण आहे. गडद, घट्ट हिरवा थर स्थिर असतो, तो राहू द्या. भुकटी पडणारा फिका ठिपका म्हणजे क्लोराइडने धातू आतून खाणं, कोकणातून आलेल्या वस्तूंत हे फार. वस्तू ओल्या कापसाच्या बोळ्यासह, बोळा न टेकवता, बंद डब्यात एक दिवस ठेवा. नवी भुकटी आली तर रोग चालू आहे. सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवा आणि जतनतज्ज्ञाकडे न्या. वर लॅकर मारलं तर आत खाणं चालूच राहतं. पदकं पीव्हीसीच्या पिशव्यांत ठेवू नका, त्यांतून आम्ल सुटतं आणि हिरवा चिकट लेप चढतो. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा आम्लरहित कागद वापरा. रबरबँड आणि वर्तमानपत्र चांदीला काळं करतात.

आता लंडनचा प्रश्न. पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा, लागू ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं, शिल्प, चित्र, कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावशेष. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि नेल्यास किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षं कैद व दंड आहे. वस्तू भारतात घडलेली असावी अशी अट व्याख्येत नाही, त्यामुळे १९०० सालचे फ्रेंच घोडेही त्यात येतात. पहिल्या महायुद्धाची पदकं आत्ता शंभरीची रेषा ओलांडत आहेत. त्यांना पुरावशेष धरूनच चाला, चुलतभावाच्या बॅगेत घालू नका. दुसऱ्या महायुद्धाची पदकं अजून शंभरची नाहीत, पण तीही पाठवायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला आधी घ्या.

देशात विकायला बंदी नाही. शंभरीपुढच्या धातूच्या मूर्तींची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी लागते आणि मालकी बदलली की कळवावं लागतं. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, लिलावगृहाकडे परवाना क्रमांक मागायला संकोच करू नका. घर पाडताना जमिनीत किंवा भिंतीत काही सापडलं असेल तर ते या हिशेबात नाही: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

पैशांचा हिशेब एका उदाहरणाने. हातोडा एक लाखावर पडला, म्हणजे शेवटची बोली एक लाखाची. विक्रेत्याचं कमिशन १२ टक्के ठरलं तर १२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६०. फोटो आणि विम्याचे दीड टक्का धरले तर १,५००. हातात ८४,३४०. खरेदीदार हातोड्याच्या भावावर स्वतःचा प्रीमियम वेगळा भरतो, तो साधारण १५ ते २५ टक्के असतो. तो तुम्हाला मिळत नाही, पण बोली लावणारा तो धरूनच बोलतो, म्हणून त्याचा भार आडून तुमच्यावरही पडतो. कमिशनवर घासाघीस होते, विशेषतः सगळा संच एकत्र देत असाल तर. कलावस्तू आणि शिल्पांवरचा भांडवली नफ्याचा कर घरगुती वस्तू म्हणून सुटत नाही, सीएला आधी विचारा.

पदकं पदकांच्या खास विक्रीत द्या, घोडे सजावटीच्या विक्रीत. एकाच लिलावगृहाला सगळं देऊन ‘मिश्र लॉट’ (एका बोलीत विकला जाणारा सरमिसळ गठ्ठा) होऊ देऊ नका. आधी फोटो पाठवून किमान दोन ठिकाणांहून लेखी अंदाज मागवा. अंदाज मुद्दाम चढा सांगून वस्तू ताब्यात घेणं आणि विक्रीच्या आठवड्यात राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती) उतरवायला लावणं, हा प्रकार होतो. राखीव किंमत अंदाजाच्या खालच्या आकड्याच्या आसपास असू द्या. फार चढी ठेवली की लॉट न विकता परत येतो, तो भाव नोंदवहीत राहतो आणि पुढच्या वेळी खरेदीदार तिथूनच खाली मोजायला लागतो. करारात चार गोष्टी लेखी हव्यात: राखीव किंमत कोणाच्या परवानगीने उतरेल, न विकल्यास शुल्क किती, वस्तू मागे घेतल्यास दंड किती, आणि खरेदीदाराने पैसे थकवले तर पुढे काय. पैसे साधारण महिना-दीड महिन्याने येतात. वस्तू सोपवताना वजन, व्यास, कडेवरचं नाव आणि डाग-टोचे लिहिलेली पावती घ्या. नुसतं ‘तीन पदके, एक जोडी घोडे’ लिहिलेली पावती वादाच्या वेळी उपयोगाची नाही.

वाटणी अजून चालू आहे म्हणून शेवटची गोष्ट. वस्तू कोणाच्या नावे विकली जाते आहे, पैसे कोणत्या खात्यात जाणार आणि वाटे कसे, याचं संमतिपत्र सगळ्या वारसांच्या सह्यांनी आधी करा, लग्न होऊन गेलेल्या आत्यांच्या सह्यांसकट. यादी छापून झाल्यावर एका वारसाने हरकत घेतली तर लॉट मागे घ्यावा लागतो आणि दंड सगळ्यांवर बसतो. त्या संमतिपत्राला पदकांचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो जोडा, आणि ट्रंकेतल्या कागदांच्या प्रती प्रत्येक घरी एकेक संच जाऊ द्या.